जुने इंग्रजी पेले जमवायचे आहेत? बैठकीपासून वर बघायला शिका

इंग्लंडमधल्या बहुतेक गावांतल्या अँटिक सेंटरमध्ये, काचेच्या कपाटात, एखादा तरी असा पेला असतोच: लांब दांडा, दांड्याच्या आत पांढऱ्या धाग्यांचा पीळ, वर छोटीशी वाटी आणि शेजारी चिठ्ठी, 'साधारण १७६५, १८० पाउंड'. अडीचशे वर्षांची वस्तू एवढ्यात मिळतेय म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं वाटून नवा माणूस पुढे सरकतो. कधीकधी गडबड असतेही, पण बहुतेकदा नसते. अठराव्या शतकात हे पेले भरपूर बनले, त्यातले बरेच टिकले, आणि साध्या पेल्यांची मागणी गेल्या वीसेक वर्षांत उतरली. एका मध्यम मोबाइलच्या पैशांत दोन-तीन अस्सल पेले घरी येऊ शकतात.

हा लेख इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिकडे येणंजाणं असणाऱ्या नवख्यांसाठी आहे. कालखंड साधारण १६९० ते १८२०. व्हिक्टोरियन काच हा वेगळा प्रांत आहे, तो इथे घेतलेला नाही.

पेल्याचे भाग समजायला समई डोळ्यांपुढे आणा: खाली बैठक, मध्ये खांब, वर वाटी. इंग्रजीत फूट, स्टेम आणि बोल. पुढे मी बैठक, दांडा आणि वाटी हेच शब्द वापरतो.

जवळ काय हवं

– दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसं
– साधा पांढरा टॉर्च
– अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बहुतेक ३९५ चे असतात, त्यांचा जांभळा उजेड इतका पसरतो की काचेचा रंग नीट कळत नाही
– व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, प्लास्टिकचा असेल तर उत्तम
– कोरा पांढरा कागद आणि वही
– लिलावात नाव नोंदवायला फोटो ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बँक कार्ड

१. ही काच वेगळी का, ते आधी समजून घ्या

सतराव्या शतकात युरोपभर व्हेनिसच्या धर्तीची सोडा काच चाले. ती पातळ, हलकी आणि लवकर थिजणारी. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या मालात काचेवर सूक्ष्म तड्यांचं जाळं उठत असे. मिश्रणात शिशाचं ऑक्साइड वाढवून तो दोष आटोक्यात आला, आणि १६७६ पासून त्यांच्या पेल्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर उमटू लागली. तशी मोहोर असलेला पेला तुम्हाला बाजारात भेटणार नाही, भेटला तर आधी संशय घ्या.

आपल्या कामाचं ते पुढचं. शिशामुळे काच जड झाली, नखाने टिचकी मारली की लांब घुमू लागली आणि तिच्यात प्रकाश खेळू लागला. ती सावकाश थिजते, त्यामुळे जाड, भरीव, साधे आकार तिला शोभतात. व्हेनिसची नाजूक फुलंपानं सोडून इंग्रज कारागीर दांड्याच्या आकारावर का रमले, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. विक्रेते या काचेला 'लेड' म्हणतात, कधी 'फ्लिंट ग्लास'. आणि काच या पदार्थालाच जमवणारे 'मेटल' म्हणतात. 'नाइस ग्रे मेटल' असं कुणी म्हणालं तर ते कौतुक आहे.

२. दांड्यावरून काळ ओळखा

वाटीचे आकार पुन्हापुन्हा येतात. दांड्याची फॅशन मात्र बदलत गेली, म्हणून काळ ठरवायला दांडा सर्वांत भरवशाचा. ही वर्षं ढोबळ आहेत, एकमेकांवर चढणारी आहेत, पण पाठ करून ठेवा:

– हेवी बॅलस्टर, म्हणजे भरीव गाठींचा जड दांडा: १६८५ ते १७२५
– साच्यातला कोनदार 'सायलेशियन' दांडा: १७१५ पासून पुढे
– हलका झालेला बॅलस्ट्रॉइड: १७२५ ते १७५५
– साधा सरळ दांडा: १७३० ते १७७५
– एअर ट्विस्ट, दांड्यात हवेच्या धाग्यांचा पीळ: १७४० ते १७७०
– ओपेक ट्विस्ट, पांढऱ्या काचधाग्यांचा पीळ: १७५५ ते १७८०
– फॅसेट, पैलू पाडलेला दांडा: १७६० ते १८०० आणि थोडं पुढे

जड दांडे हलके का झाले, याचं ठरलेलं उत्तर कराचं आहे. १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनाप्रमाणे कर बसला, १७७७ मध्ये तो वाढला आणि थेट १८४५ मध्ये उठला. कराचा परिणाम झालाच, पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. दांडे त्याआधीपासूनच हलके होत होते आणि हवेचा पीळही आधीच दिसू लागला होता. लोकांची आवडही बदलत होती.

वाटीवरून पेय कळतं. उंच, निमुळती वाटी एल या बिअरसाठी. तिच्यावर अनेकदा हॉप्सची फळं आणि जवाची कणसं कोरलेली असतात. उंच दांड्यावर अंगठ्याएवढी वाटी असेल तर कॉर्डियल, म्हणजे गोडसर कडक मद्याचा पेला. आखूड दांडा आणि जाडजूड बैठक असेल तर फायरिंग ग्लास: मेजवानीत टोस्ट, म्हणजे कुणाच्या तरी नावाने पिणं, झालं की तो टेबलावर आपटायचा. माझा आवडता प्रकार टोस्टमास्टरचा. त्याच्या वाटीचा तळ आणि भिंती इतक्या जाड असतात की बाहेरून भरलेला दिसतो आणि आत मावतो घोटभर. रात्रभर टोस्ट पुकारणाऱ्याला शुद्धीवर ठेवण्याची सोय.

वाइनचे पेलेही आजच्या मानाने लहानच असतात, उंची साधारण पंधरा सेंटिमीटर. लहान वाटी बघून 'हा शेरीचा दिसतोय' असं ठरवू नका.

३. पेला हातात घ्या आणि उलटा करा

नवखा माणूस आधी नक्षी बघतो, मग पीळ, आणि बैठक बघायची राहूनच जाते. नकला करणाऱ्यांचं निम्मं काम तिथेच सोपं होतं. क्रम उलटा ठेवा.

विक्रेत्याला विचारून पेला उचला. एक हात वाटीखाली, दुसरा बैठकीला. उलटा केलात की या गोष्टी एकामागून एक तपासा.

बैठकीचा व्यास. अठराव्या शतकातल्या बहुतेक पेल्यांची बैठक वाटीच्या तोंडाइतकी किंवा त्याहून रुंद असते. ती अरुंद असेल तर दोनच शक्यता धरा: नंतरची नक्कल, किंवा कड फुटल्यावर घासून लहान केलेली बैठक. कडेवरून बोट फिरवा. मूळ कड भट्टीत गोलसर झालेली असते, घासलेली चपटी आणि किंचित धारदार लागते. कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा. हातकामात थोडा फरक असतोच, पण एका बाजूला बैठक स्पष्ट आखूड असेल तर तिथे टवका उडाला होता.

मधली खूण. वाटीचं तोंड घडवताना पेला पाँटिल नावाच्या लोखंडी सळईवर तोललेला असे. सळई तोडली की बैठकीच्या मध्यभागी खरखरीत वण राहतो. तो टेबलाला लागू नये म्हणून बैठक मध्ये उचललेली, शंकूसारखी असते. बैठक सपाट आणि वण नाही, तर सावध व्हा. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, विशेषतः पैलूंच्या पेल्यांत, हा वण घासून गुळगुळीत केलेला सापडतो आणि तो दोष नव्हे. उलट, नकला करणारेही खरखरीत वण ठेवतात, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर पैसे मोजू नका.

दुमडलेली कड. शतकाच्या पूर्वार्धात बैठकीची कड टिकावी म्हणून आत दुमडत. उजेडात धरलं की कडेला काही मिलिमीटरचा दुहेरी पट्टा दिसतो. १७५० नंतर तो कमी होत जातो.

झीज. इथे भिंग काढा आणि वेळ घ्या. अडीचशे वर्षं टेबलावर सरकलेल्या पेल्याच्या बैठकीवर राखाडी पट्टा तयार होतो. त्यातले ओरखडे सगळ्या दिशांना, कमीजास्त खोल असतात, आणि पेला टेबलाला जिथे टेकतो तिथेच असतात. पॉलिश पेपरने केलेली झीज एका दिशेची किंवा गोल गोल फिरलेली आणि सारख्या खोलीची असते. फसवणारा घाईत असेल तर टेबलाला कधीच न लागणारा आतला उतारही घासून ठेवतो. तिथे ओरखडे दिसले की पेला खाली ठेवा.

मग दांडा. जुना पीळ दांड्याची जाडी बऱ्यापैकी भरून टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला झालेल्या नकलांत पीळ सैल, बारीक आणि दांड्याच्या मधोमध आकसलेला दिसतो. दांडा आणि वाटी, दांडा आणि बैठक या दोन्ही सांध्यांवर अतिनील उजेड टाका. चिकटवलेला सांधा बऱ्याचदा चमकून उठतो.

शेवटी वाटी. तोंडाची कड कात्रीने कापून पुन्हा भट्टीत धरलेली असे, म्हणून ती गोलसर आणि मऊ असते. क्वचित कापाची बारीकशी खूणही सापडते. चपटी कड म्हणजे टवका घालवायला तोंड घासलंय. पांढऱ्या कागदापुढे धरा: जुनं मेटल किंचित राखाडी किंवा काळसर दिसतं, आत बारीक बुडबुडे आणि वळणदार रेषा असतात. पाण्यासारखी निर्मळ, पांढरीशुभ्र काच म्हणजे बहुधा नंतरचा माल.

टिचकीची परीक्षा सगळ्यांना आवडते. दांडा खाली धरून तोंडापाशी नखाने हलकेच मारा. शिशाची काच घुमते, तडा असेल तर आवाज मरतो. पण निमुळत्या वाट्या तशाही कमी घुमतात, आणि आजची क्रिस्टल काचही सुरेख घुमते. तेच अतिनील टॉर्चचं: सोडा काच हिरवट-पिवळट चमकते, शिशाची निळसर किंवा मंद. त्यातून काच कुठली हे कळतं, वय कळत नाही.

४. विकत घेण्याआधी भरपूर पेले हाताळा

लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं काचेचं दालन एखादी दुपार देऊन बघा, प्रवेश फुकट आहे. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन आणि केंब्रिजचं फिट्झविल्यम यांच्याकडेही उत्तम संग्रह आहेत. स्टॉरब्रिज भागात वर्ड्‌स्लीला २०२२ पासून काचेचं स्वतंत्र संग्रहालय सुरू आहे. पण तिथे हात लावता येत नाही, आणि या छंदात डोळ्यांइतकंच बोटांना शिकायचं असतं.

त्यासाठी खरी शाळा म्हणजे लिलावाआधीचे पाहणीचे दिवस. वस्तू घ्यायची नसली तरी जाता येतं, पेला मागून घेऊन हातात धरता येतो, कुणी हटकत नाही. एका फेरीत वीस-तीस पेले उलटे करून बघा. काच जमवणाऱ्यांची संस्थाही आहे: १९३७ पासूनची 'द ग्लास सर्कल' आता 'द ग्लास सोसायटी'त विलीन झाली आहे, तिथे व्याख्यानं होतात आणि जाणकार भेटतात. इंग्रज माणूस हवामानापलीकडे बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा एखाद्याला बैठकीच्या झिजेबद्दल विचारून बघावं.

५. कुठून घ्यायचा

पहिला पेला काचेत मुरलेल्या विक्रेत्याकडून घ्या. पंचवीस-तीस टक्के जास्त जातील, पण सोबत वर्णन आणि काळ लिहिलेली पावती मिळते, आणि वर्णन चुकीचं निघालं तर परत करता येतं. पावतीवर 'इंग्लिश वाइन ग्लास, साधारण १७६०' असं आणि दुरुस्ती वा टवका असल्यास त्याचा उल्लेख हवा. नुसतं 'जुना ग्लास' लिहिलेली पावती कागदाच्या किमतीची. 'बाडा' आणि 'लापाडा' या तिथल्या विक्रेत्यांच्या संघटना, सभासदांची यादी त्यांच्याकडे मिळते.

हात बसला की लिलाव. लंडनच्या पोर्टोबेलो रोडचा शनिवारचा बाजार आणि मोठ्या जत्रा त्यानंतर. ऑनलाइन, फक्त फोटोंवरून, सगळ्यात शेवटी. बैठकीचा खालून काढलेला जवळचा फोटो मागा, आणि तो पाठवायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

६. लिलावाचा हिशेब आधी कागदावर मांडा

हातोडा २०० पाउंडांवर पडला म्हणजे तुम्ही २०० देणार असं नाही. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, लागतो. तो प्रत्येक लिलावगृहाचा वेगळा, पंचवीस टक्के धरा: ५० पाउंड. प्रीमियमवर २० टक्के व्हॅट: आणखी १०. झाले २६०. एखाद्या मध्यस्थ संकेतस्थळावरून बोली लावली तर त्यांचं वेगळं शुल्क. शिवाय अनेक लहान लिलावगृहं काच पॅक करून पाठवत नाहीत. स्वतः जावं लागतं किंवा पॅकिंगवाल्याला पैसे मोजावे लागतात. आपली कमाल बोली या सगळ्यातून उलटी मोजून काढा आणि तिथेच थांबा.

कॅटलॉगची भाषा वकिली असते. '१८ व्या शतकातील' आणि '१८ व्या शतकाच्या शैलीतील' यांत एका शब्दाचा फरक आणि किमतीत दसपटीचा. 'ए/एफ' दिसलं की वस्तू फुटलेली वा दुरुस्त केलेली आहे. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, लेखी मागा, आणि विचारा नेमकं: 'बैठक घासली आहे का? तोंड घासलं आहे का?' 'कंडिशन कशी आहे' असं विचारलंत तर 'गुड फॉर एज' एवढंच उत्तर येईल.

७. नक्षीच्या मोहात पडू नका

सर्वांत महागात पाडणारा प्रकार म्हणजे जॅकोबाइट पेले. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सची गादी गेली. त्याच्या वंशाला परत आणण्यासाठी झटणारे ते जॅकोबाइट. १७४५ मध्ये त्याचा नातू चार्ल्स एडवर्ड याने उठाव केला आणि पुढच्या वर्षी कलोडनला तो चिरडला गेला. उघड बोलणं धोक्याचं, म्हणून समर्थक पेल्यांवर खुणा कोरून घेत: गुलाब आणि त्याच्या कळ्या, ओकचं पान, तारा, 'फियात' किंवा 'रेदेआत' असे लॅटिन शब्द. दुसऱ्याचा अर्थ 'तो परत येवो'. याहून दुर्मीळ ते 'आमेन' पेले. त्यांच्यावर हिऱ्याच्या टोकाने राजनिष्ठेच्या ओळी लिहिलेल्या असतात, आणि असे मोजके डझनच ज्ञात आहेत.

आता विचार करा. साध्या एअर ट्विस्टला २५० पाउंड आणि गुलाब कोरला की हजाराच्या घरात. कुणाच्याही हाताला खाज सुटेल. त्यामुळे पेला अस्सल पण कोरीवकाम दीडशे वर्षांनंतरचं, असे नग बाजारात आहेत, आणि बैठक-दांडा तपासून ते पकडता येत नाहीत. भिंगाखाली बघा: जुन्या कोरीवकामाच्या कडा मऊ झालेल्या असतात आणि वापराचे ओरखडे नक्षीवरूनही गेलेले असतात. नवं काम पांढरं, पिठूळ आणि कोरडं दिसतं. ओरखडे नक्षीपाशी येऊन तुटत असतील, तर नक्षी नंतरची. तरी खात्री पटणार नाहीच. हा प्रकार पहिल्या दोन-तीन वर्षांत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगीत धाग्यांच्या पिळाचंही तेच. अस्सल मिळतात, हजारांत जातात, आणि नकला भरपूर. न्यूकॅसलच्या विल्यम आणि मेरी बिल्बी या भावंडांनी १७६० आणि ७० च्या दशकांत इनॅमलने रंगवलेले पेले तर संग्रहालयात बघायचे. न्यूकॅसलच्या लेंग आर्ट गॅलरीकडे ते आहेत. 'न्यूकॅसल लाइट बॅलस्टर' या नावाने विकले जाणारे देखणे, उंच पेलेही जपून घ्या: त्यांतले अनेक हॉलंडमध्ये कोरले गेले, आणि काही मुळात तिकडेच बनले असावेत असं आता बरेच अभ्यासक मानतात.

८. पहिले चार-पाच कुठले

लिलावातले ढोबळ भाव देतो, दुकानात जास्त पडतील.

१८०० च्या सुमाराचा साधा रमर, म्हणजे मोठ्या वाटीचा, आखूड दांड्याचा पेला, ३० ते ६० पाउंड. हा दणकट, हाताळायला निर्धास्त. त्याच काळातला आखूड दांड्याचा एलचा पेला, 'ड्वार्फ एल', ४० ते ८०. साध्या सरळ दांड्याचा, तुतारीसारख्या वाटीचा पेला, ८० ते १५०. यात वाटी आणि दांडा काचेच्या एकाच गोळ्यातून ओढलेले असतात, आणि मला विचाराल तर इंग्रजी काचेचं खरं सौंदर्य इथेच आहे. मग ओपेक ट्विस्ट, १२० ते २५०. आणि एअर ट्विस्ट, १८० ते ३५०. हेवी बॅलस्टर खुणावत राहील. तो अनेक शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातो, त्याला थांबायला सांगा.

टवका असलेला एखादा स्वस्त पेला अभ्यासासाठी जरूर घ्या. मनसोक्त हाताळता येतो.

९. धुणं आणि ठेवणं

डिशवॉशरमध्ये कधीही नाही. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा, हातातल्या अंगठ्या काढा, कोमट पाणी आणि सौम्य साबण. पुसताना एका हाताने बैठक धरून दुसऱ्याने वाटी पिळू नका. दांडे बहुतेक असेच तुटतात. वाटी पुसताना वाटीच धरा. कपाटात पेला बैठकीवर उभा ठेवा, तोंडावर पालथा नाही. प्रत्येकाचा फोटो, मापं, कुठून, कधी आणि कितीला घेतला हे वहीत लिहा आणि पावत्या स्कॅन करा. विमा घेताना तेच लागतं.

त्यातून प्यावं का? कधीतरी एक घोट घेतलात तर मी काही म्हणणार नाही. वाइन ओतून तासन्‌तास ठेवू नका, शिसं हळूहळू उतरतं.

१०. भारतात न्यायचा असेल तर

आधी ठरवा, खरंच न्यायचा आहे का. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या केंद्रीय कायद्याने कडक निर्बंध आहेत. पेला इंग्लंडचा असला तरी एकदा आत आला की पुन्हा बाहेर काढताना प्रश्न उभे राहू शकतात. परत यायचं नक्की नसेल तर संग्रह तिकडेच राहू द्या. नेणारच असाल तर मूळ पावती, फोटो आणि आणल्याचे कस्टम्सचे कागद जन्मभर जपा, आणि आयात शुल्काचे त्या दिवशीचे नियम निघण्याआधी बघा. पेला चेक-इन बॅगेत टाकू नका. वाटीत मऊ कागद सैलसर भरा, दांड्याभोवती वेगळा थर गुंडाळा, कडक डब्यात ठेवा आणि डबा केबिन बॅगेत वर ठेवा. सुरक्षा तपासणीत तो उघडायला लावतात, तेव्हा आपल्या हाताने उघडा.

मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुनी काच दिसते म्हणून तिथून सुरुवात करावी का, असं काही जण विचारतात. तिथे शोधायची ती एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली काच: हंड्या, झुंबरं, दिव्यांच्या चिमण्या. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचा माल भारतात मोठ्या प्रमाणावर यायचा आणि कलकत्त्याला त्यांची स्वतःची पेढी होती. अठराव्या शतकातला दांड्याचा पेला तिथे निघाला तरी तपासणी तीच करायची: उलटा करा, भिंग काढा, आणि दुकानदार घाई करू लागला तर चहा मागवा.